मेसेज परत कोण लावतं?

४ जाने. ९९, सोम.
तो मेसेज परत. इंग्रजीत. तुमचा प्रोग्राम जुना झाला, नवा मागवा. ओके दाबलं की जातो, पंधरा-वीस मिनिटांत पुन्हा हजर. गेल्या आठवड्यात रंगांच्या प्रोग्रामच्या कंपनीचा माणूस फ्लॉपी घालून काहीतरी ‘दुरुस्त’ करून गेला, तेव्हापासून हे सुरू. मशीनच जुनं, नवा प्रोग्राम त्यावर चालणार नाही म्हणतात. मॅनेजर रमणभाईंना सांगितलं. “चाले छे ने? तो चलावो, बेन.”
चालतंय. पण रंगाचे आकडे टाइप करताना मेसेज मधेच तोंड वर काढतो.
नामदेवदादा वजनकाट्यावरून बघून हसले. मिलच्या रंगाच्या लॅबमध्ये आम्ही दोघंच. मी यायच्या आधी सगळे रंग त्यांच्या वहीत होते. ते हसले ते आवडलं नाही.

७ जाने., गुरु.
मोरपंखी कापडाचा अख्खा लॉट गेला. शेवाळासारखा निघाला. निळा १.२५ हवा होता, कागदावर छापलं गेलं .२५. मी टाइप करत होते तेव्हाच मेसेज आला, १ त्यानेच गिळला. माझं लक्ष बोटांकडे.
रमणभाई कापडाचा तुकडा घेऊन वर आले. “आ शुं कर्युं?” दोघांकडे बघत होते. मी म्हटलं, मशीनची गडबड.
दादा वजनकाटा पुसत राहिले. सकाळी कागद हातात घेऊन त्यांनी विचारलं होतं, “ताई, निळा इतलाच?” मी मान वर न करता म्हटलं होतं, कागदावर आहे तेच घ्या.
हे रमणभाईंना सांगितलं नाही.

९ जाने., शनि.
जेवणाच्या सुट्टीत पीसीओवरून कॉम्प्युटर क्लासच्या सरांना फोन. म्हणाले, विंडोजच्या एका फाइलमध्ये त्या मेसेजची ओळ असेल, ती पुसा. मशीन सुरू होताना ती ओळच मेसेजला उठवते.
संध्याकाळी बंद करण्याआधी पुसली. एवढीशी ओळ! सोमवारी बघू.

११ जाने., सोम.
आला!!
फाइल उघडली, तर ओळ परत जागेवर. सर फोनवर म्हणाले, “अहो, ओळ आपोआप कशी येईल? कुणीतरी लावली असणार. फाइल शेवटची कधी बदलली ती वेळ बघा.”
बघितली. आजची, ८.४१.
मी आले ९ वाजून ५ ला. लॅब साडेआठला दादा उघडतात. किल्ल्या दोघांकडेच.
ओळ पुसली. 

१२ जाने., मंगळ.
पुन्हा. ८.३८.
दिवसभर त्यांच्याकडे बघत होते. तोच चष्मा दोरीने बांधलेला, तेच हळूहळू वजन करणं. कीबोर्डला बोट लावताना कधी पाहिलं नाही. पण मी नसताना? कंपनीचा माणूस आला तेव्हा हे त्याच्या मागे उभे होते, बराच वेळ. काय बघत होते? लॉट बिघडले, मी गेले, की रंग परत वहीत.
चहाला मुद्दाम विचारलं, “दादा, सकाळी मशीनला हात लावता का?”
“तुन्ही शप्पथ, मी हात नही लाया. माले त्या डबडामधलं काय समजस?”
शप्पथ लगेच घेतली. विचारायच्या आत तयार असल्यासारखी.

१३ जाने., बुध.
आज ८.४०. रमणभाईंना सांगितलं. तिन्ही दिवसांच्या वेळा लिहून दिल्या. लॉटचं खापरही दादांवर गेलं. मी तसं म्हटलं नाही, पण जाऊ दिलं.

१४ जाने., गुरु.
उत्तरायण. सुट्टी. आमची सगळी लिंबायत वस्ती पतंग घेऊन गच्चीवर. मी खालीच. डोकं दुखतंय म्हटलं.

१५ जाने., शुक्र.
दादांना मिलच्या कडोदऱ्याच्या युनिटला पाठवलं. लॅबमध्ये नाही, गोडाऊनला. एकवीस वर्षं रंग तोलणारा माणूस गोण्या मोजणार. जाताना किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही.
आज सकाळी धावपळीत फाइलची वेळ बघायची राहिली. संध्याकाळी ओळ पुसून, लॅबला कुलूप मी घातलं.

१६ जाने., शनि.
कुलूप मी उघडलं. मशीन मी चालू केलं. मेसेज आला.
फाइलची वेळ ८.४०. ८.४० ला मी घरी पोळ्या लाटत होते.
फाइल बंद केली. मग मशीनच्या कोपऱ्यातलं घड्याळ दिसलं. ९.०२. भिंतीवर ९.२७. पंचवीस मिनिटं मागे! म्हणजे त्याचे ८.४० हे खरे ९.०५, माझी यायची वेळ. जुनं मशीन, आतला सेल गेला असणार. इतके दिवस मी कोपऱ्यात बघितलंच नाही.
ओळ पुसली, मशीन बंद करून परत चालू केलं. मेसेज नाही. रंगांचा प्रोग्राम उघडला – आला. फाइलमध्ये ओळ हजर. प्रोग्राम स्वतःच लावतो. रोज सकाळी. मी उघडला की.
मी.
मेसेजच्या फाइलचं नावच बदलून टाकलं. आता प्रोग्रामला ती सापडत नाही. दिवसभर शांत.
रमणभाईंकडे गेले. ऐकून म्हणाले, “हवे जवा दो, बेन. कडोदराने पण माणसनी जरूर छे.” फार सहज म्हणाले. यांना दादांना हलवायचंच होतं का? मी फक्त निमित्त दिलं?
आग्रह धरला तेव्हा म्हणाले, लेखी द्या. लॉटचंही.

१७ जाने., रवि.
दादांच्या घरी. वहिनींनी दार उघडलं, आत या म्हणाल्या नाहीत. दादा आतून, “कोण शे? येऊ दे तिले.”
सगळं सांगितलं. घड्याळ, ओळ, मोरपंखी. ते ऐकत होते.
“मंग त्या डबडानीच मन्हं नाव घेतं?”
“डबड्यानं नाही, दादा. मी घेतलं.”
वहिनींनी चहा ठेवला. दादा बशीत ओतून फुंकत राहिले. मग बशी खाली ठेवून, “निळा कमी शे, हाई माले दिसनं व्हतं. मी परत इचाराले पाह्यजे व्हतं.”
हे मला ऐकवेना. शिव्या दिल्या असत्या तर बरं.

१८ जाने., सोम.
लेखी दिलं. निळ्याचा आकडा माझा चुकला, दादांनी विचारलं होतं, तक्रार खोटी ठरली. खाली सही.
रमणभाईंनी दोनदा वाचलं. “आ वात बीजा कोने कीधी?”
“नामदेवदादांना.”
“बस. हवे कोईने नहीं.” कागदाची घडी करून शर्टाच्या खिशात. फाइलमध्ये नाही, खिशात.
दादा कधी परत येतील विचारलं. “जोईशुं.” म्हणजे बघू.
दुसरी प्रत आत्ता लिहून काढली. मिलचे मालक, शेठ, गुरुवारी येतात. त्यांच्या हातात मीच द्यायची. नोकरीचं मग काय होईल ते होवो.