सात पाच शून्य शून्य

लातूर, ९ फेब्रुवारी

ती. दाजींना रेणुकादासचा सा. न.

आक्काचे गुडघे बरे असतील आणि हदगावात सगळं ठीक असेल असं धरून चालतो. आम्ही सुखरूप आहोत. (हे मुद्दाम लिहितोय, कारण तुमच्या कानावर वेगळं आलं असेल.)

तुमच्या लेकीला, आपल्या मालविकेला, वैमानिकाचा परवाना मिळाल्यावर पहिला प्रवासी म्हणून तिनं मामालाच नेलं, याचा मला केवढा अभिमान! नांदेडहून ते दोनच खुर्च्यांचं विमान उडालं. तिची एकच अट होती, "मामा, कशालाच हात लावू नका बरं का." विष्णुपुरीचं धरण मागे पडेपर्यंत मी ती पाळली. मग रेडिओवरून चार आकडे आले. ते समोरच्या ट्रान्सपॉन्डर नावाच्या लहानशा पेटीत भरायचे असतात. जमिनीवरचं रडार विचारतं, "कोण?" आणि ही पेटी आपला आकडा आणि उंची परस्पर कळवून टाकते. भूकंपाच्या पुढच्या वर्षी पत्र्याच्या शेडमध्ये क्लास काढला तेव्हापासून बावीस वर्षं मी पोरांना फिजिक्समधल्या लहरीच शिकवत आलो, आणि या पेटीला हात लावायचा नाही? वारा जोराचा होता, तिचे हात गुंतलेले, म्हणून "मामा, तेवढे आकडे फिरवता का?" असं तीच म्हणाली. (असं मला तरी ऐकू आलं.)

जुना आकडा २५००, नवा ७३४२. पहिलं बटण सातावर नेलं आणि मी थांबलो, कारण या पेटीत आठ आणि नऊ नाहीतच! एका अंकासाठी पेटी रेडिओचे तीनच ठोके पाठवते, ते असण्या-नसण्याच्या शक्यता आठ, म्हणून शून्य ते सात. हे मी तिला सोदाहरण समजावत असताना पेटी इमानेइतबारे ७५०० कळवत राहिली. ७५०० म्हणजे विमानाचं अपहरण झालंय. (हे आमच्या अभ्यासक्रमात नाही.)

रेडिओवरून विचारणा झाली, "कन्फर्म सेव्हन फाइव्ह झीरो झीरो?" आपल्या आकड्याची कुणी एवढी दखल घेतंय म्हटल्यावर मी माझ्या बाजूचं बोलायचं बटण दाबून खणखणीत म्हणालो, "कन्फर्म्ड!"

मालविका पांढरीफटक पडली. माझा हात झटकून तिनं आकडे बदलले, चूक झाली म्हणून दहादा सांगितलं. पण असं सांगायला अपहरण करणाराही लावू शकतो ना! लातूरला उतरलो तर बंदुका घेऊन आठ पोलीस. "अपहरणवाला कुठं हाय?" फौजदार गरजले. मफलर गुंडाळलेला मी हात वर करून उतरलो. ईश्वरप्पा नावाचा हवालदार कुजबुजला, "सर, तुम्ही? लेकीला तुमच्याच क्लासला घातलंय की हो! नाव काढून घेऊ का?"

चार तास चौकशी चालली. मी तोंड उघडलं की मालविका म्हणे, "मामा, तुम्ही गप्प बसा." मग फौजदारांना म्हणाली, "साहेब, विमान मी चालवत होते. चूक माझी." एवढीशी पोर, आवाज जराही हलला नाही. दाजी, मला मान वर करवेना. अखेर लेखी समज देऊन तिचा परवाना शाबूत ठेवला. माझ्याशी मात्र ती बोलत नाही.

आपला,
रेणुकादास

ता. क. खरं काम राहिलंच. पोलिसांनी माझी ओळख पटवणारा सभ्य गृहस्थ विचारला, मी तुमचा पत्ता दिला. बुधवारी येतील. माणूस निरुपद्रवी आहे, एवढंच सांगा.

आणखी ता. क. कॉलेजात असताना फीवाढीच्या आंदोलनात मी ड्रायव्हरला खाली उतरवून पन्नास प्रवाशांसकट एसटी भलतीकडे पळवली होती, तो किस्सा तुम्ही चारचौघांत फार रंगवून सांगता. बुधवारी तेवढा नको.