पाचव्या फोटोखालची जागा

प्रिय एने,

पत्र हातात पडल्यावर तुम्ही आधी चष्मा शोधाल आणि मग म्हणाल, फोन असताना हिला पत्राची हुक्की कुठून आली, नक्की काहीतरी बिघडलंय. तसं काही नाही. तुमचा लेक बरा आहे, खातोपितो, मी सांगितलेलं ऐकत नाही, म्हणजे तब्येत ठणठणीत. फोन केला नाही कारण तुम्ही फोन उचलला की स्पीकर लावता, आणि मग माझं बोलणं तुम्ही, शेजारच्या तुरसुनई आणि चुलीवरची किटली असे तिघं मिळून ऐकता. हे फक्त तुम्ही वाचायचं आहे.

कामाचं आधी सांगून टाकते. अल्माटीच्या एका कलादालनात तुमचा शिर्दाक, तो लोकरीच्या नमद्याचा गालिचा, भिंतीवर लागणार आहे. लग्नात तुम्ही मला दिलात तो, लाल जमिनीवर काळ्या शिंगांची नक्षी असलेला. त्याचा जुळा, काळ्या जमिनीवरच्या लाल शिंगांचा, तुमच्याकडे आहे. भिंतीवर खाली एक छोटी पाटी असेल. तिचा मसुदा परवा माझ्याकडे आला. ‘रचना’ या शब्दापुढे माझं नाव आहे आणि ‘नमदा करणारी’ यापुढे लिहिलंय, अज्ञात. वीस तारखेला पाटी छापायला जाते. त्याआधी दुरुस्ती कळवली तर तुमचं नाव लागेल, नाही कळवली तर ‘अज्ञात’ म्हणूनच तुम्ही त्या भिंतीवर राहाल, आणि प्रदर्शनाच्या पुस्तकातही तसंच छापलं जाईल. कळवायचं काम माझ्याकडे आहे. हे असं कशानं झालं ते सांगायला जरा मागे जावं लागेल, आणि माझ्या धंद्यातलंही थोडं सांगावं लागेल. कंटाळा आला तर मधे चहा ओतून घ्या.

मी नक्की काय करते हे तुम्ही मला एकोणीस वर्षांत कधी विचारलं नाहीत. तुरसुनईंना तुम्ही सांगता की सून कॉम्प्युटरवर चित्रं काढते. चुकीचं नाही, पण चित्रं काढणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. खरं काम असतं लोकांना नको म्हणण्याचं. गेल्या महिन्यात तलावाकाठच्या एका हॉटेलचे मालक आले होते, नूरमात म्हणून. त्यांना वेबसाइट हवी होती, आणि तिच्या पहिल्या पानावर डोंगर, तलाव, गरुड, घोडा, युर्ता तंबू, हिमबिबट्या आणि त्यांच्या वडिलांचा फोटो, सगळं एकदम हवं होतं. मी म्हटलं, नूरमातभाऊ, थोडी जागा मोकळी सोडू या. तर ते म्हणाले, “ताई, तुमच्या घरी पाहुणा आला आणि जेवणाच्या दस्तरखानाचं कापड मधेमधे दिसलं, तर तो बाहेर जाऊन काय सांगेल?” तळलेले बोर्सोक, मुरंबे, सायीचा कायमाक, सुकामेवा, कापडाचा दोरा दिसता कामा नये असंच आपण सगळे वाढलो. मी त्यांना एवढंच विचारलं की पाहुणा दारात आल्याबरोबर तुम्ही त्याला सगळे मुरंबे एकदम तोंडात कोंबता, की आधी बसायला जागा दाखवता? ते हसले. वडिलांचा फोटो मात्र ठेवलाच.

माझं म्हणणं साधं आहे. पान उघडणारा माणूस कौतुक करायला आलेला नसतो, त्याला काहीतरी हवं असतं. खोली रिकामी आहे का, रस्ता कुठून, फोन कोणाला करायचा. ते त्याला शोधावं लागलं की डिझाइन हरलं, मग ते कितीही देखणं असो. अक्षर इतकं मोठं हवं की उन्हात घोड्यावर बसून वाचता येईल, बटण इतकं की थंडीनं आखडलेल्या अंगठ्याला सापडेल, आणि फोटो इतका हलका की कुरणावर सिग्नलची एकच काडी असतानाही उघडेल. माझ्या हाताखालची मुलं नवे महागडे फोन घेऊन तपासतात. मी एक जुना, तडा गेलेला फोन घेऊन दुपारी बाल्कनीत उभी राहते. मुलांना वाटतं बाईला सवय आहे. ही सवय कोणी लावली ते मी त्यांना कधी सांगितलेलं नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी कॉलेजची पदवी घेऊन तुमच्याकडे वर डोंगरात आले होते, आणि मला रंगांमधलं कळतं अशी माझी पक्की समजूत होती. मी चुलीपाशी बसून दोन लाल निवडले. तुम्ही ते माझ्या हातातून घेतलेत, दारात नेलेत आणि म्हणालात, “उजेडात बघ. चुलीपाशी सगळेच रंग शहाणे दिसतात.” बाहेर एक लाल विटकरी निघाला. मग तुम्ही लाल आणि काळा नमदा एकावर एक ठेवलात, खडूनं अर्धं शिंग काढलंत आणि सुरी माझ्या हातात दिलीत. मी खडूच्या रेघेत डोळे घालून कापायला लागले, तर मागून तुमचा आवाज आला, “शिंगाकडे बघून कापू नको गं. शिंगाच्या बाजूला काय उरतंय त्याच्याकडे बघ. ते दुसऱ्या शिर्दाकचं शिंग आहे, वाया गेलं तर तुझ्या नणंदेच्या वाट्याचं जाईल.” पाच वर्षं कॉलेजात बसले होते, एने. रिकाम्या जागेवर जाडजूड पुस्तकं वाचली होती. एका वाक्यात कोणी सांगितलं नव्हतं की उरलेली जागा ही उरलेली नसतेच, ती कोणाच्या तरी वाट्याची असते.

चार वर्षांपूर्वी तुमच्या पाच जणींच्या नमद्याच्या कामाची वेबसाइट मी केली, ती या एका वाक्यावर. पान उघडलं की निम्मं शिंग दिसतं, लाल जमिनीवर काळं. बोट सरकवलं की रंग अदलाबदल होतात आणि उरलेली जमीनच शिंग होऊन समोर येते. खाली फोन नंबर, मोठ्या अक्षरात. त्याखाली पाच फोटो. चार फोटोंखाली नावं आहेत, पाचव्याखाली मी लिहिलं, ‘आमच्या एने’. सासरच्या मोठ्यांचं नाव सुनेनं तोंडात घ्यायचं नाही, हे मला पहिल्या दिवशी तुरसुनईंनी बजावलं होतं, आणि ते मी पाळत आले. तुमचं नाव एका फळावरून ठेवलेलं, त्यामुळे त्या फळाचं नावही माझ्या तोंडातून गेलं. इथे बिश्केकच्या ओश बाजारात मी अजून नुसतं बोट दाखवते आणि म्हणते, ती लाल द्या, दोन किलो. तुमचा तिलेक बाजूला उभा राहून मुद्दाम विचारतो, कुठली लाल, नीट नाव सांग की. वेबसाइटच्या वेळी मात्र तो हसला नव्हता. म्हणाला, “तू लिहू शकत नसशील तर मी लिहितो, माझी आई आहे ती.” मी म्हटलं, राहू दे, इथं जागा मोकळीच छान दिसते.

मग मी वर आले आणि फोनवर तुम्हाला पान दाखवलं. तुम्ही हात पुसलेत, बोटानं पान वरखाली केलंत, शिंग उलटंपालटं होताना तीनदा बघितलंत. म्हणालात, “घर नीट मांडलंयस. यजमानीण कुठाय?” मला वाटलं, गिऱ्हाइकानं कोणाशी बोलायचं ते विचारताय. मी मोठ्या उत्साहानं फोन नंबरचं बटण दाखवलं. तुम्ही म्हणालात, बरं. आणि लोकर पिंजायला उठून गेलात. इतकी वर्षं तुमची सून असून मला तुमचं ‘बरं’ ओळखता येऊ नये, याचं आता नवल वाटतं.

त्याच वर्षी अल्माटीत त्या वेबसाइटला बक्षीस मिळालं. काचेचा ठोकळा आहे, आमच्या टीव्हीशेजारी ठेवलाय, इकडे आलात की तुम्ही त्यावर झाकणं ठेवता तो. तुम्हाला मी सांगितलं होतं की कामाबद्दल बक्षीस मिळालं. काय बोलणं झालं ते सांगितलं नव्हतं. परीक्षकांत एक म्हातारे गृहस्थ होते, फार मोजकं बोलणारे. त्यांनी माइकवरून सांगितलं की या पानावरची रिकामी जागा रिकामी नाही, असं काम त्यांनी बऱ्याच वर्षांत बघितलेलं नाही. मग मला विचारलं, ही कल्पना सुचली कशी? सभागृहात दोनशे माणसं असतील. मी म्हटलं, बरेच दिवस डोक्यात होती. हे खोटं नव्हतं. डोक्यात होतीच ती, पंधरा वर्षं. कोणी घातली होती ते मी बोलले नाही. टाळ्या झाल्या. त्यानंतर मला जी कामं मिळाली ती सगळी त्या एका शिंगाच्या जोरावर.

आता पाटीकडे येते. वेबसाइटवरचं शिंग ही माझीच रचना समजून कलादालनातल्या बाईंनी मागच्या महिन्यात फोन केला. कझाख आहेत, बोलायला गोड. म्हणाल्या, नमदा कोणी केला? म्हटलं, माझ्या सासूबाईंनी. नाव काय त्यांचं? त्यांनी जरा थांबून विचारलं, “माहीत नाही का?” म्हटलं, माहीत आहे. “मग सांगा ना.” मी शिर्दाकचं माप सांगायला लागले. त्या बिचाऱ्यांना वाटलं असेल घरात काही भांडण आहे. म्हणाल्या, बरं, आम्ही अज्ञात लिहितो. आणि मी ‘ठीक आहे’ म्हणून फोन ठेवला. तिलेकला सांगितलं तर त्यानं जेवता जेवता एवढंच म्हटलं, “माझी आई जिवंत असून अज्ञात झाली, तुझ्यामुळे.” आवाज चढवला नाही. ताट मात्र अर्धं सोडून उठला.

मला राग आला. मी त्याला सांगितलं, रीत तुमच्या घरची, मी पाळली, आणि वर बोलणी मीच खायची का? रात्रभर हेच बरोबर वाटत होतं. सकाळी कपाटात विम्याचे कागद शोधताना तुमच्या डोळ्याच्या ऑपरेशनचा अर्ज हाती लागला. दोन वर्षांपूर्वीचा, बिश्केकच्या दवाखान्यातला. तिलेक गाडी लावायला गेला होता म्हणून मीच भरला होता. रुग्णाचं नाव, वडिलांचं नाव, गाव. माझ्याच अक्षरात, स्वच्छ, खाडाखोड नाही. तिथं माझा हात थांबला नव्हता. तोंडानं घ्यायचं नाही इतकीच तर रीत आहे. लिहायला कोणीच मनाई केली नव्हती. दवाखान्यात तुमचं नाव लिहून माझं काही कमी होणार नव्हतं, म्हणून लिहिलं गेलं. वेबसाइटवर लिहिलं असतं तर पहिल्याच माणसानं विचारलं असतं, मग ही शिंगं त्यांची की तुमची? मी रीतीच्या आडोशाला जाऊन बसले, एने. लोकांना मोकळ्या जागेचं शहाणपण शिकवते, आणि पाचव्या फोटोखालची जागा मी मोकळी ठेवली नव्हती, तुमच्या वाट्याची कापून घेतली होती. मला लाज वाटते. एवढंच लिहायला चार पानं लागली.

तुम्हाला वाटेल सून परवानगी मागायला लिहितेय. तसं नाही. पत्र पेटीत टाकायच्या आधीच मी दुरुस्ती पाठवून दिली आहे, कारण तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही ‘राहू दे गं, पाटीनं काय होतंय’ म्हणाला असतात आणि मी लगेच ऐकलं असतं. माझं नाव पाटीवरून काढलंय. बक्षीस देणाऱ्यांनाही खरं काय ते कळवलंय, ते ठोकळा परत मागतील, मागू देत, झाकणं ठेवायला तुम्हाला दुसरं काही बघू. वेबसाइटवर पाचव्या फोटोखाली आणि अल्माटीच्या पाटीवर आता एकच ओळ आहे: ‘रचना आणि काम: जुमाबायची लेक अल्माकान, कोचकोर’. तुमच्या वडिलांचं नाव जमलं, पण तुमच्या नावातलं ते सफरचंद, ‘अल्मा’, टाइप करताना तीनदा चुकलं, बोटांना सवय नाही. जूनमध्ये वर येईन तेव्हा तोंडानं एनेच म्हणेन, ते काही सुटायचं नाही. तुम्ही विचारलं होतंत यजमानीण कुठाय, त्याचं उत्तर द्यायला मला चार वर्षं लागली. आणि हे फक्त तुम्ही वाचायचं असं वर लिहिलंय ना, ते खोडलं असं समजा. तुरसुनईंना बोलवा, पहिल्यापासून मोठ्यानं वाचून दाखवा, नावासकट. मग माझ्यावर रागवायचं असेल तर फोन करा, आणि स्पीकर लावूनच करा.

तुमच्याच सुरीवर हात बसलेली,
बेरमेत