बागेचं कोण बघतं?

३ ऑक्टोबर २००१
डायरी शेतीच्या औषधांच्या दुकानातून मिळालेली, फुकटची. वर्ष संपत आलं तरी कोरी. म्हटलं, लिहू.

आज त्याच दुकानाचा माणूस मोटारसायकलवर आला. "बागेचं कोण बघतं?" मी समोरच ओट्यावर लसूण सोलत बसलेली. तेवढ्यात आमची मनी आतून म्हणाली, "आईला न्हाई कळत. काकांना विचारा, पलीकडच्या घरात राहत्यात."

तो हसला. मीही हसले. वर चहा पाजला.

नववीतली पोर. उद्धटपणानं नाही बोलली. पाहुण्याला वाट सांगावी तसं सहज. हे भोसरीला कंपनीत, गुरुवारी सुट्टी, तेवढेच घरी. एरवी द्राक्षाच्या बागेत सकाळपासून मीच असते. पण कळतं ते थोरल्या भाऊजींना.

५ ऑक्टोबर
ते वाक्य मनीचं नाहीच. माझं आहे. आज लक्ष ठेवलं. मोटर दुरुस्तीवाल्याला, शाळेतल्या सरांना, शेजारणीला, सगळ्यांना तेच. "मला काय कळतंय, भाऊजींना विचारा." शेजारीण तर फक्त लोणच्यात मीठ किती घालायचं ते विचारत होती.

सर म्हणाले, विज्ञान प्रदर्शनात मनीनं उभं राहून सांगायचंय. ही म्हणते, दुसरीला घ्या, मला न्हाई जमायचं. प्रयोग हिनंच केलेला. माझं काय, निम्मं आयुष्य झालं. हिचं अजून सुरू व्हायचंय. फार वाईट वाटतंय.

११ ऑक्टोबर, गुरुवार
तीन दिवस पाऊस. घडांवर डावणी आली, बुरशीचा रोग. बागेच्या खालच्या अंगाला पार वाट लागली, घड काळे पडून गळतायत.

छाटणी सप्टेंबरातच धरायची, हे भाऊजींचं. लवकर माल, लवकर भाव. मला वाटत होतं पाऊस जाऊ द्यावा. वाटून काय उपयोग, बोलले कुठं.

भाऊजी आले, बाग बघितली, म्हणाले, "औंदा हवाच बेकार." मग आमच्याकडेच जेवले, भाकरी मागून घेतली, आणि ओट्यावर गाढ झोपले. मी भांडी घासता घासता बघत होते. राग नाही आला, नवल वाटलं. हीच तारीख मी ठरवली असती तर? वर्षभर स्वतःला खात बसले असते. त्यांचं चुकलं की हवा बेकार, माझं चुकलं की अक्कल बेकार. हा हिशेब कुणी घालून दिला?

माणूस वाईट नाही. मनीचं पोट दुखलं तेव्हा भर पावसात नारायणगावला घेऊन गेले होते.

१४ ऑक्टोबर
आज फार दमले. फवारणी.

माहेरी कळंबला लहानपणी पाहुणे आले की वडील, आबा, मला पुढं करून म्हणायचे, "ही आमची येडी." जवळ घेऊन म्हणायचे, खाऊ आधी मलाच. लाडानं म्हटलेलं जास्त मुरतं. बारावी पास झाले तेव्हासुद्धा "येडी पास झाली!" म्हणून पेढे वाटले. मीही खूश. आबांना दोष नाही देत. पण आज पंपाचं ओझं पाठीवर असताना हेच सारखं आठवत होतं.

१८ ऑक्टोबर, गुरुवार
ह्यांना सांगितलं, यंदा विरळणी मी ठरवते. कुठले घड ठेवायचे, कुठले काढायचे ते.

"भाऊला वाईट वाटंल."
"वाटू द्या."
ह्यांनी चहा संपवला. मग, "आन् चुकलं तर?"
मी उठून भाकऱ्या टाकायला गेले. 

२४ ऑक्टोबर
आहुपेकडच्या बाया आल्या, कात्र्या घेऊन. त्यांची मुकादम हौसाबाई वेलीखाली उभी राहून म्हणाली, "वैनी, किती ठिवायचं घड?" मी सवयीनं रस्त्याकडं बघितलं. भाऊजी मंचरला गेलेले. भाऊजींचं म्हणणं पक्कं होतं: डावणीनं आधीच गेलेत, आता एकबी काढायचा न्हाई.

"दाट असतील ते काढा. हात आखडू नका."
"खालच्या अंगालाबी?"
"सगळीकडं."

हौसाबाई जरा थांबली. मग कात्री चालायला लागली. हिरव्या घडांचा सडा पडला.  दोनदा वाटलं, थांबवावं. घरात जाऊन पाणी पिऊन आले.

२५ ऑक्टोबर
भाऊजी: "कुणी सांगितलं?"
मी: "मी."
एवढंच.  मग पदर नीट केला.
"बघ बाई, तुझं तू." दोन दिवस आले नाहीत. जाऊबाईंनी ताक पाठवलं नाही.

१९ नोव्हेंबर
दिवाळी गेली. मनीनं प्रदर्शनात नाव दिलंच नाही. शिकवायला गेले तर म्हणाली, "तू तरी कुठं चारचौघांत बोलतीस?" खरंय.  कंटाळा आलाय स्वतःचा.

२९ जानेवारी २००२
तोडणी. वरच्या अंगाचा माल बघण्यासारखा, मणी टपोरे, एकसारखे. खालच्या अंगाला मात्र वेली मोकळ्या. तिथं डावणीनं आधीच विरळणी केली होती, त्यावर मी कात्री चालवली. भाऊजींचं तिथं बरोबर होतं. हौसाबाईनं तर विचारलंही होतं. मीच ताठ्यात.

व्यापारी शेठ नारायणगावचे, पिढ्यान् पिढ्या इथलेच. घड हातात फिरवून म्हणाले, "माल एक नंबर, ताई. पण वजनाला भरला नाय. असं का?" सगळे बघायला लागले. भाऊजी म्हणाले, "म्हनून म्हनलं व्हतं." मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

मनी क्रेटवर कागद अंथरत होती. वर न बघता म्हणाली, "वरचं आईचं बरोबर आलं. खालचं चुकलं. जास्त काढलं तिनं."

शेठ "बरं" म्हणाले आणि पुढच्या क्रेटकडं वळले. 

३० जानेवारी
कालचं डोक्यातून जात नाही. खालचं चुकलं ते चुकलंच. स्वतःला खायचं खाल्लंच, सवय एकदम कशी जाईल. पण चुकलं, असं म्हणाली पोर. कळत नाही, असं नाही म्हणाली. चुकायलासुद्धा आधी माणूस हिशेबात धरावा लागतो.

दुपारी भाकरी भाऊजींइतकी खाल्ली. झोप त्यांच्याइतकी नाही लागली.

१६ एप्रिल
खरड छाटणी, तोडणीनंतरची. भाऊजी आपणहून आले. आधी म्हणाले, "खालच्या अंगाला खत जास्त टाक." मग बांधावर बराच वेळ उकिडवे. "तुझं काय म्हननं?"

म्हटलं, "मलाबी तसंच वाटतं." खरंच वाटत होतं. हो ला हो नव्हतं. पण ते त्यांना कसं कळणार. मला तरी नीट कुठं कळतंय.

४ सप्टेंबर
ह्यांचा फोन. कंपनी बंद पडतेय, दिवाळीच्या आत घरी. आवाज पडलेला. मग मलाच धीर देत म्हणाले, "आता बागेचं मी बघतो. सुटलीस तू. लई वढलंस एकटीनं."

किती हलकं वाटलं, खोटं कशाला लिहू. कुणी विचारणार नाही, कुणी बघणार नाही. सकाळी उशिरा उठेन. अंग असं दुखतंय की तिथंच जमिनीवर बसले.

मग रडू आलं. त्यांची नोकरी गेली म्हणून असेल. नुसतं तेवढंच नव्हतं.

"काय गं, बरं न्हाई का वाटलं?"
"गुरुवारी या. बोलू," म्हटलं. नोकरी गेलेल्या माणसाला काय बोलायचं, आणि माझं कसं सांगायचं, काहीच ठरलं नाही.

संध्याकाळी छाटणीवाला आला. यंदा पाऊस उघडल्यावर, दहा ऑक्टोबरला धरायची, असं सांगितलं. तो म्हणाला, "मालक आल्यावर फिरवनार न्हाई ना?"

मी म्हटलं, "तू तारीख लिहून घे."