तुमच्या पुतण्याच्या शिक्षेविषयी

अण्णा, तुमच्या पुतण्याला कोर्टानं दोषी धरलं. शुक्रवारी निकाल लागला आणि तिथल्या तिथं पोलिसांनी त्याला ताब्यात घेतलं. शिक्षा किती द्यायची यावर मंगळवारी बोलणं आहे. त्या दिवशी मी जजसाहेबांपुढं उभं राहून म्हणावं, याला कमी शिक्षा द्या, असं गावात सगळ्यांना वाटतंय, अगदी मायलासुद्धा. ज्यानं तुम्हाला मारलं त्याला. हे वाचून तुम्ही कागदाचे दोन तुकडे केले असते आणि वर मलाच विचारलं असतं, चहा कुठंय म्हणून. ती भीती आता नाही, म्हणून लिहिते आहे. तुम्ही गेल्यापासून इतक्या वर्षांत मी तुमच्याबद्दल जे काही बोलले ते साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून, तुम्हाला 'मयत' म्हणत. तुमच्याशी असं बोललेच नाही.

बसले आहे ती तुम्ही दिलेल्या लोखंडी पलंगावर. बियाण्याच्या कंपनीत नोकरी लागली आणि जालन्यात खोली घेतली, तेव्हा पोरगी जमिनीवर निजते म्हणून तुम्ही हा भोकरदनहून करवून घेतलात. पाठवताना निरोप काय, तर 'रंग ओला हाय, दोन दिवस टेकू नको.' तो टेम्पोतून आणला आणि पाठीवर घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढवला तो तुमच्या या पुतण्यानंच. आल्यावर घामानं निथळत म्हणाला होता, "अक्का, मोठ्या अण्णांनी लोखंड काही कमी वापरलं न्हाई बघ." तुमची कुठलीही आठवण काढायला जावी तर तिच्या एका टोकाला हा धरून उभा असतो. काकू लवकर गेली, हा आपल्याच घरात वाढला, तुमच्याच मागं शेतात फिरला. याला वेगळं काढून तुमची आठवण काढता येत नाही, आणि माझी सगळी अडचण तिथंच आहे.

त्या वर्षी आपल्या शेतात मिरचीच्या बियाण्याचा प्लॉट होता. बाया ओळीनं बसून कळ्या उकलताहेत, पराग लावताहेत, लावलेल्या कळीला लोकरीचा लाल धागा बांधताहेत. मी सुटी काढून मदतीला आलेली. बियाण्याच्या मिरचीजवळ दुसरी मिरची चालत नाही, माशा तिकडचा पराग इकडं आणतात आणि कंपनीचा माणूस सगळा प्लॉट नापास करतो, हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी यानं बांधाला लागून बाजारची मिरची लावलेली, तुम्हाला न विचारता. काढ म्हणालात तर म्हणाला, एक तोडा होऊ द्या, पिंपळगावच्या बाजारात भाव आहे, मग उपटतो. त्या रात्री जेवताना मी तुम्हाला म्हणाले, "अण्णा, होऊ द्या ना त्याचा एक तोडा. चार दिवसांनी काय बिघडतंय?" तुम्ही हातातला घास ताटात ठेवलात. "तू त्याची वकील हायेस का? बीएस्सी कशाला केलं मी तुला? चार दिवसांत काय बिघडतंय ते तुला म्हाईत न्हाई?" आणि ताटावरून उठून गेलात. माय माझ्याकडं बघून नुसती हात हलवत होती, गप बस म्हणून. त्याच्यासाठी मी पहिली वकिली केली ती तुमच्यापुढं, आणि ती तुम्ही तिथल्या तिथं फेटाळली.

सकाळी उठून तुम्ही त्याची झाडं उपटायला लागलात. तो पळत आला तोवर अर्धी ओळ आडवी झाली होती. तुम्ही शब्दाचे पक्के, पण तोंडाचे फटकळ, हे मी तुम्हाला तोंडावर कधी म्हणू शकले नाही, आता म्हणते. तुम्ही त्याला त्याच्या आईवरून शिवी दिलीत. मेलेल्या आईवरून. त्याच्या हातात फावडं होतं, त्यानं दांडा फिरवला. एकदाच. तुम्ही पडलात ते उठला नाहीत. मग त्यानंच ओरडून गाडी बोलावली, त्यानंच तुमचं डोकं मांडीवर घेतलं, भोकरदनच्या दवाखान्यापर्यंत "मोठे अण्णा, मोठे अण्णा" करत राहिला. मी समोरच्या सीटवर होते. हे सगळं मी कोर्टात सांगितलं, झाडं उपटल्याचं आणि शिवीचंही. बाकी बाया फितूर झाल्या. "आमी खाली मान घालून धागे बांधत व्हतो, आमाला काई दिसलं न्हाई." तुम्हाला ओळखतच नाही म्हणण्यापर्यंत कुणी मजल नेली नाही एवढंच नशीब. माझ्या साक्षीनं तो अडकला आणि माझ्याच साक्षीनं खुनाच्या कलमातून सुटला, त्याच्या खालचं कलम लागलं. दोन्ही बाजूंनी मला शिव्या पडल्या, तेव्हा वाटलं, खरं बोलले असेन.

तो जामिनावर सुटून आला आणि खटला वर्षानुवर्षं रेंगाळला. ती वर्षं आपलं शेत कोणी केलं? त्यानं. मायचं घर आणि काकांचं घर यांच्यात एक भिंत, ती तर तुम्ही दोघा भावांनीच घातलेली. पहिली दोन वर्षं माय त्याच्याशी बोलली नाही. तो दारात धारेचं दूध ठेवायचा, ती ते मांजराला घालायची. मग एका पावसाळ्यात तिचा पाय मुरगळला, त्यानं उचलून दवाखान्यात नेलं, आणि त्यानंतर दूध मांजराला गेलं नाही. मला हे फोनवर कळलं. मी माझ्या ऑफिसच्या जिन्यात उभी राहून रडले, रागानं की सुटल्यासारखं वाटून, ते मला तेव्हाही कळलं नाही.

काल गावी गेले होते. माय चुलीपुढं होती, गॅस असून भाकरी चुलीवरच. परातीतलं पीठ मळता मळता म्हणाली, "बोलून टाक की एकदाचं." मी म्हटलं, माय, अण्णांना मारलंय त्यानं. "मला म्हाईत न्हाई का? कुंकू माझं गेलं का तुझं?" भाकरी थापायला लागली. "आपलेच दात न आपलेच ओठ. त्याला धा वर्सं टाकलं तं मी काय करू? शेत कोन करीन? मला दवाखान्यात कोन नेईन? तू?" मी म्हटलं, जालन्याला चल माझ्याकडं. "घराला कुलूप लावू? तुज्या दोन खोल्यांत बसून भिंती मोजू?" मग तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडं पाठ करून म्हणाली, "तुज्या बापाला राग आला असता. आला असता तं येऊ दे. त्यांच्या रागानंच हे झालं."

काका ओसरीवर येऊन बसले होते. मी चहा दिला तो हातात तसाच धरून म्हणाले, "पोरी, म्या काय बोलू. तो माझा भाऊ व्हता न हा माझा लेक हाय." चहा न पिता ठेवून गेले. सरपंचानं फोन केला, "ताई, गावाची इज्जत आता तुमच्या हातात हाय." गावाची इज्जत बाया फितूर होताना कुठं होती, हे मी विचारलं नाही. घरी आल्यावर नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, तुझ्या माहेरचं आहे, तू ठरवशील तसं. सगळे किती मोकळं सोडतात मला. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, इथं दोन्ही एकाच अंगणात आहेत आणि अंगणाला दार नाही. बोलले तर तुमच्या जिवाची किंमत मी कमी केली. नाही बोलले तर माय एकटी पडली, आणि ती पडली तीही माझ्यामुळंच. आज रविवार, दुपारपासून इथं बसून आहे आणि कुठल्याच बाजूला वाट दिसत नाही.

हे एवढं लिहून ठेवून दिलं होतं. आता कोर्ट होऊन गेलं आहे, पुढचं लिहिते.

मंगळवारी त्याच्या वकिलानं आधी सगळं नेहमीचं सांगितलं. पहिलाच गुन्हा, दोन लहान मुली, म्हातारा बाप, मयताच्या विधवेला तोच सांभाळतो. मग म्हणाले, "साहेब, आरोपीनं कोठडीत असताना मयताचं सुतक पाळलं आहे. दहाव्या दिवशी पोलिसांना विनंती करून डोकं भादरून घेतलं." हे मला ठाऊक नव्हतं. काकांच्या घरी सुतक पाळलं होतं, भावकी एक, चूल पेटली नव्हती, काकांनी भावासाठी डोकं केलं होतं, ते सगळं मी पाहिलं होतं. कोठडीतलं नव्हतं ठाऊक. सरकारी वकीलबाई उठून म्हणाल्या, "साहेब, ज्यानं मारलं त्यानंच सुतक धरलं, याचं आता कौतुक करायचं का?" मागच्या बाकांवर कोणी तरी हसलं. मला संताप आला, अण्णा. वकिलाचा आला, तुमचं सुतकसुद्धा त्याच्या बाजूनं खर्ची घातलं म्हणून. हसणाऱ्याचा आला. आणि त्याचाही आला, की मारलंस तर मारणाऱ्यासारखा तरी राहा, पुतण्यासारखा कशाला राहतोस. मी मान वर करून पाहिलं तर तो खाली बघत उभा होता. केस पिकले आहेत त्याचे. माझ्याहून लहान आहे तो.

जजसाहेबांनी विचारलं, मयताची मुलगी हजर आहे का, तिला काही म्हणायचं आहे का. वकीलबाईंनी माझ्याकडं पाहिलं. त्यांनी सकाळीच सांगितलं होतं, "ताई, तुमच्या एकटीच्या साक्षीवर ही केस उभी राहिली. आता तुम्हीच तिला बसवू नका." मी उठले. घरून मोठं वाक्य घोकून गेले होते, त्यातलं काही आठवलं नाही. म्हणाले, "साहेब, शिक्षा कमी द्यावी." जजसाहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुमच्यावर कोणाचा दबाव आहे का?" मायचा होता. काकांनी न प्यायलेल्या चहाचा होता. दर शनिवारी गावी जाऊन मायचं करणं मला जमणार नाही, या माझ्या भीतीचा होता. आणि तुमचाही होता, उलट्या बाजूनं. मी म्हणाले, "नाही." त्यांनी लिहून घेतलं. दुपारनंतर पाच वर्षं दिली. माझ्या शब्दानं किती कमी झाली, की झालीच नाहीत, हे कोणालाच सांगता येत नाही. मायला फोन केला तर ती "पाच" एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. कोणासाठी ते मी विचारलं नाही.

व्हरांड्यातून त्याला नेत होते. मी बाजूला सरकून भिंतीशी उभी राहिले. वाटलं, पाया पडेल, माफी मागेल, आणि तसं केलं तर मी काय करू. त्यानं तसलं काही केलं नाही. थांबून म्हणाला, "अक्का, मोठ्या मायच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्यात. भोकरदनला स्टँडसमोरच्या मेडिकलवाल्याला माझं नाव सांग. कोनत्या त्या, त्याला बराबर म्हाईत हाय." पोलीस म्हणाला, चला. मी नुसती मान हलवली. गोळ्या किती घेते, कोणत्या घेते, सकाळी की रात्री, मला काहीच माहीत नव्हतं.

लोक म्हणतात, मोठं मन केलंस, माफ केलंस. माफ केलेलं नाही. त्या सकाळची आडवी पडलेली झाडं अजून दिसतात मला, आणि त्याच्यावर राग धरावा तर तो हातात राहत नाही, सोडावा तर तुम्ही समोर येता. पाच वर्षांनी तो परत येईल, भिंतीपलीकडंच येईल, आणि तेव्हा माय असली तर तिला बरं वाटेल. मला काय वाटेल ते आत्ता ठाऊक नाही. हे तुम्हाला कळवायचं होतं. बरं आहे की हे तुमच्यापर्यंत जाणार नाही.

एक राहिलं. आज शनिवार, सकाळी गोळ्या आणायला भोकरदनला उतरले. मेडिकलवाल्याला मला तुमचंही नाव सांगता आलं असतं, तालुक्यात ते अजून कोणी विसरलेलं नाही. मी त्याचं सांगितलं. तो लगेच गोळ्या काढायला वळला, आणि पाठमोऱ्यानंच विचारलं, "आज तो न्हाई आला? तुमी कोन त्याच्या?" अण्णा, मी म्हणाले, बहीण.