फळ्याचं पूर्ण नाव

प्रिय छोटू,

अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? (माझ्या गुडघ्याचं विचारू नकोस, तो केव्हाच हवामान खात्यात नोकरीला लागला.)

आज सकाळपासून कानात एकच आवाज घुमतो आहे. मी शाळेत हजेरी घेताना शेवटच्या बाकावरून यायचा तो, आळसावलेला, लांबलचक, 'हजर साऽऽर!' त्याच आवाजाने आज मला लढाई जिंकून दिली. सविस्तर सांगतो, थोडक्यात सांगणं मला जन्मात जमलेलं नाही.

तुझी ताईही माझ्याच शाळेत शिकवायची; ती आणि तिचे विद्यार्थी वर्गात कविता म्हणायचे, त्याचं ध्वनिमुद्रण शाळेच्या जुन्या संगणकात आहे. (त्याला 'फळा' हे नाव मीच दिलं, दोघेही काळे आणि हट्टी.) ती गेल्यावर तिचा आवाज तेवढ्याच एका ठिकाणी उरला, आणि फळा तर आज संध्याकाळी भंगारात निघालेला! मला जिना उतरवत नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी गावाला निघता निघता घरूनच त्यात शिरायची परवानगी दिली. त्यासाठी व्हीपीएन असतो, म्हणजे इंटरनेटच्या गर्दीखालून शाळेपर्यंत गेलेला कुलूपबंद बोगदा. बोगदा उघडला, पण फळ्याचा पडदा घरी दाखवणारा रिमोट डेस्कटॉप अडून बसला: या नावाचा संगणक सापडत नाही.

लेकीला फोन लावला. (ती संगणकातलीच, पण बापाशी बोलताना तिचा धीर बॅटरीसारखा उतरतो.) "बाबा, बोगदा ठीक आहे हो. तुमचा संगणक फळ्याचा पत्ता शाळेत न विचारता घरातल्याच इंटरनेटच्या डब्याला विचारतोय."

"मग डब्याला सांग ना, फळा म्हणजे आपला फळा!"

"तो काय आपला मामा आहे?"

मामा म्हणताच तू आठवलास. तुझ्या कचेरीत मी एकदा "छोटू आहे का?" म्हणून विचारलं, आणि तुझ्यासारख्या अगडबंब साहेबाच्या दारातून पहारेकऱ्याने मला हाकललं! घरातलं नाव बाहेर कोण ओळखणार? आणि हजेरीत नुसत्या नावाने कधी भागलं होतं? एका हाकेला चारजण उठायचे! मी फळ्यापुढे टिंब देऊन शाळेचं अख्खं आडनाव, म्हणजे तिचा इंटरनेटवरचा पत्ता, लावलं. माझ्या संगणकाने मुकाट्याने प्रश्न डब्याऐवजी बोगद्यातून शाळेकडे धाडला, आणि पडदा उजळला. हजर साऽऽर! लेक म्हणाली, "बाबा, हे मी सांगणारच होते." (सांगणार होती!) एकेक कविता वाहत्या झऱ्यासारखी घरी येऊ लागली. छोटू, तुझा मेहुणा जिंकला!

तुझाच,
दाजी

ता. क. मुलांच्या सगळ्या कविता आल्या, फक्त ताईची यायची होती आणि पडदा अचानक काळा झाला. तेव्हापासून नाव, आडनाव, विनवण्या, कशालाच ओ नाही. बाई प्रवासात, फोन बंद. तुझं घर शाळेला लागून. ही ईमेल मिळताच धाव आणि भंगारवाल्याच्या आधी फळा उचल. (गुडघ्याची चौकशी उगाच नव्हती केली.)

ता. ता. क. धावू नकोस. बेल वाजली म्हणून दाराच्या भिंगातून पाहिलं. शाळेचा रखवालदार घामाघूम उभा आहे, फळ्याला पोटाशी कवटाळून. दारापलीकडून ओरडतोय, "सर, याच्या पडद्यावरचा बाण आपोआप फिरत होता! मी आधी वायर उपटली. आत कोण शिरलंय, ते तुम्हीच बघा!"