नदी आटली तेव्हा

ता. ४ एप्रिल

चि. ससोबास ताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही खुशाल. तू डोंगरात रस्ते दुरुस्त करतोस की नुसता शेकत बसतोस? किती दिवसांत चिठ्ठी नाही!

इथे एक विपरीतच झालंय. ऐन बर्फ वितळायच्या दिवसांत नदी आटली! पुलाखालचे गोटे उघडे पडलेत, पोरं डबक्यांतले मासे पकडतायत. गावाला आनंदीआनंद. ह्यांना आणि भावजींना पुलाच्या खांबाचं गवंडीकाम मिळालंय. असं कोरडं पात्र पुन्हा मिळायचं नाही म्हणून दोघे भाऊ उजाडल्यापासून खाली असतात. मला मात्र धास्तीच वाटते. पाण्याचा आवाज नाही, तर डोळ्याला डोळा लागत नाही. जाऊबाई मला हसतात. तिकडे नदी कशी आहे, ते दूधवाल्याबरोबर कळव.

माया आहेच, ती वाढव.
ताई

ता. ५ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझी चिठ्ठी वाचली आणि तसाच लिहायला बसलो. वरच्या घळीत अख्खी दरड नदीत कोसळलीय. मागे पाणी तुंबून तळं झालंय आणि ते चढतच चाललंय. नुसत्या मातीचा बांध, तो किती टिकणार? तारा तुटल्यात, रस्ता बंद. दूधवाला पायवाटेने उतरतोय, त्याच्या हाती हे देतो. आमच्या साहेबांची चिठ्ठीही तोच कचेरीत देईल, पण तू कचेरीची वाट बघू नकोस. लेकीच्या शाळेत, टेकडीवर जा. दाजींना आणि त्यांच्या भावाला आधी पात्रातून काढ. ससोबा म्हणून हसले तर हसू देत. मी खरंच घाबरलोय गं.

सांभाळून राहा, एवढंच मागणं.
तुझा ससोबा

ता. ९ एप्रिल

चि. ससोबास अ. आ.

आम्ही तिघं जिवंत आहोत. जाऊबाईही. त्या वरच्या आळीत शिवणकामाला होत्या.

तुझी चिठ्ठी घेऊन मी पात्रात धावले, दोघांना वाचून दाखवली. पोट धरधरून हसले. भावजी म्हणाले, ससोबाच्या पाठीवर पान पडलं असेल. मग काय करू? मी टेकडी चढले आणि शाळेच्या शिपाईणबाईंकडून निरोप धाडला, की लेक जिन्यावरून पडली, पाय मोडला. हे हातातली थापी टाकून धावत आले. भावजी मागे राहिले. कालवलेला माल सुकून जाईल म्हणाले.

कचेरीचा भोंगा वाजला तेव्हा पाणी वळणावर दिसतच होतं. काठावरची माणसं पळाली. भावजी खांबाच्या खड्ड्यात होते. अजून सापडले नाहीत.

जाऊबाई लेकीचा पाय मांडीवर घेऊन तेल चोळत बसतात. म्हणतात, या पायाने एकाला तरी वाचवलं. पायाला काही झालेलं नाही रे. उद्या खरं कळलं आणि त्यांनी विचारलं, की माझ्या माणसासाठी एक थाप मारायला तुझं काय जात होतं, तर मी कोणत्या तोंडाने उत्तर देऊ? स्वयंपाकघरात त्यांची चाहूल लागली की मी मागच्या दाराने बाहेर पडते.

लेकीला लंगडायला मी सांगितलं नाही. टेकडी उतरण्याआधी ह्यांनीच आपला सदरा फाडून तिच्या धडधाकट पायाला पट्टी बांधली. तेव्हापासून माझ्याशी एक अक्षर बोललेले नाहीत.

तू तरी माझ्यावरची माया पातळ करू नकोस.
ताई