सोबत कोणाला आणू नये

माय, आज सकाळी तुझी नात सगळे कागद पलंगावर पसरून बसली आणि मला म्हणाली, "मम्मी, इंटरव्ह्यूला काय काय नेऊ?" तू तिला पाहिलं नाहीस. नाक तुझ्यावर गेलंय, बोलणं मात्र अर्धं हिंदी. मार्कशीट, टी.सी., जातीचा दाखला, फोटो, असं मी सांगत गेले. मग तिने मोबाइल पुढे केला. कागद ओरिजिनल आणावेत, ते जमा करून घेतले जातील, आणि सोबत कोणाला आणू नये, असा मेसेज होता. मी तो पुन्हा वाचला आणि चहा ठेवायच्या निमित्ताने आत गेले.

गोंदियाच्या बाजारातला तो जिना तुला आठवत असेल. नर्सिंगचा कोर्स संपवून मी देवरीला घरी बसले होते. माझी हॉस्टेलची मैत्रीण बातमी घेऊन आली, लांबच्या एका मोठ्या दवाखान्यासाठी मुली घेऊन राहिले म्हणून. तू आश्रमशाळेच्या स्वयंपाकातून सुट्टी काढलीस. मी म्हटलं, "तू कायले येते? लोक हसतील." तू पोळ्या बांधून घेतल्यास, मला प्रत्येक कागदाची झेरॉक्स काढायला लावलीस आणि बसमध्ये आम्हा दोघींच्या मध्ये बसलीस. मला लाज वाटत होती. माझी मैत्रीण मात्र तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून गोंदिया जवळ येईपर्यंत झोपली. तिला ना आई होती ना बाप, काकाकडे वाढलेली पोरगी.

वरच्या खोलीवर पाटी नव्हती. खुर्च्या नव्या, त्यांच्यावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. तुला त्यांनी बाहेर जिन्यावर बसवलं. टेबलामागचा माणूस फार गोड बोलत होता. इंजेक्शन, सलाईन, बाळंतपण, यातलं त्याने काहीच विचारलं नाही. "पापा क्या करते हैं?" नाहीत, मी म्हटलं. "भाई?" नाही. "अच्छा," असं म्हणून तो हसला आणि माझी फाइल त्याने स्वतःच्या बाजूला ओढली. "ओरिजिनल यहीं रहेंगे. जॉइनिंग पे मिल जाएँगे." मैत्रिणीलाही तेच विचारलं, तेच उत्तर मिळालं, तसाच तो हसला. मागच्या दाराशी एक बाई उभी होती. ती आमच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहत होती, बाजारात कोणी कापड बघावं तशी.

तेवढ्यात तू आत आलीस. दाराबाहेरून तू सगळं ऐकलं होतंस.

"कागद कायले ठेवून राहिले तुम्ही? झेरॉक्स आहे ना."

"माताजी, रूल है."

"रूल तुमच्या घरी. पोरीचे कागद द्या."

त्याने दिले नाहीत. तू हात घालून फाइल उचललीस, माझं मनगट धरलंस आणि म्हणालीस, "उठ वो. चाल घरी." तू इतकं घट्ट धरलंस की बांगडी फुटली. दारातून मी मागे वळून पाहिलं. मैत्रीण खुर्चीवरच होती, माझ्याकडे बघून ओशाळं हसत. तिला वाटलं, माझी नोकरी गेली आणि तिची राहिली. परतीच्या बसमध्ये मी तुझ्यापासून लांबच्या सीटवर जाऊन बसले. तू पोळ्या उघडल्यासुद्धा नाहीस.

ती त्याच आठवड्यात रेल्वेने गेली. एकदा फोन आला, शेजारच्या दुकानात. "इथं दवाखाना नाही," एवढं म्हणाली आणि फोन कट झाला. तिचा काका पोलीस ठाण्यात गेला. पोरगी स्वतःच्या मर्जीने गेली, असं त्याला सांगितलं गेलं. तू त्यानंतर तिचं नाव घेतलं नाहीस. पण आश्रमशाळेतल्या मोठ्या मुली सुट्टीला निघाल्या की तू स्वयंपाक टाकून फाटकाशी जाऊन उभी राहायचीस. कोण घ्यायला आलंय ते विचारायचीस. लोक तुला खडूस म्हणायचे.

ती परत आली, माय. तू गेल्यावर आली. कागद नाहीत, केस पांढरे झालेले. आता गोंदियाजवळ मुर्रीला राहते, राइस मिलमध्ये कामाला जाते. तिथं काय झालं ते तिने कोणालाच सांगितलं नाही. एकदा बाजारात भाजी घेताना, मान वर न करता, तिने मला विचारलं, "तुझ्या मायनं माझा हात काऊन नाही धरला?" तिने वांगी पिशवीत टाकली आणि गेली.

तो प्रश्न तुला विचारायचा म्हणून आज लिहायला बसले. तुझ्या नातीला मी म्हटलं, नको जाऊ. ती म्हणाली, आजकाल सगळेच ओरिजिनल मागतात, तू उगाच घाबरून राहिली. मी सोबत येणार म्हटल्यावर तिने कागद गोळा केले आणि दार आपटलं. मी जाणारच आहे. तिच्याबरोबर तिच्या वर्गातली एक मुलगीही येतेय. तिचा बाप ट्रकवर असतो, महिनोन्‌महिने घरी नसतो. मघाशी ती येऊन गेली. मला आवडेल म्हणून टिकली लावून आली होती, आणि "आंटी, आप भी चलेंगी ना?" असं विचारत होती. मी हो म्हटलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, हे मला लिहायच्या आधीच माहीत होतं. तुला विचारायचं होतं, तेही आता राहू दे. परवा इंटरव्ह्यूच्या जागी तसंच काही दिसलं, तर मी दोघींनाही ओढीन, असं सकाळपासून मनाला बजावतेय. पण माझा हात आधी कोणाकडे जाईल ते मला ठाऊक आहे, आणि तो दुसरीसाठी माघारी वळायला किती वेळ लागेल, ते नाही.